ऐंशीव्या रकान्यातलं भोक

तुमचा ऊस कधी लावलाय? खरं सांगा. सण सांगू नका, तारीख सांगा.

नाही ना सांगता येत? मलाही आली नव्हती. म्हणून तर फेब्रुवारी महिन्यात चाळीस माणसं घेऊन मी एका यंत्रावर मोर्चा नेला आणि चप्पल काढून आत जाऊन परत आलो. त्या यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाची ही हकीगत आहे. त्याचं नाव केरबा शिंगाडे. वर्तमानपत्रात त्याचं नाव कधी आलेलं नाही, यापुढंही येईल असं वाटत नाही.

केरबा दहिवडीजवळचा. घरात मेंढरं. शाळा सातवीपर्यंत, पुढं फौजेत सिग्नल्समध्ये पंधरा वर्षं. तिथं तो टेलिप्रिंटरवर बसायचा. हवालदार होऊन परत आला तेव्हा बोटांना टाइप करायची सवय आणि मनाला रांगेची सवय, एवढीच कमाई. आमच्या भागातल्या काही साखर कारखान्यांनी मिळून सांगलीत एक खोली घेतली होती. तशीच दुसरी साताऱ्यात. दोन्ही खोल्या टेलिफोनच्या तारेनं पुण्याच्या मोठ्या मशीनला जोडलेल्या. सांगलीच्या खोलीत कार्डं वाचणारं एक यंत्र, यादी छापणारं एक यंत्र आणि केरबा. डोकं पुण्यात, हातपाय सांगलीत.

खोली थंड ठेवावी लागायची. अख्ख्या सांगलीत मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस एकच. दसऱ्याला कारखान्याच्या मंडळींनी यंत्राची पूजा केली. झेंडूच्या पाकळ्या कार्डांच्या खाचेत गेल्या आणि दोन दिवस एकाही कारखान्याचं काम झालं नाही. पुढच्या दसऱ्याला केरबानं पूजेसाठी दाराबाहेर एक रिकामं खोकं ठेवलं आणि हेच मशीन असं सांगितलं. पूजा व्यवस्थित झाली. नारळ फुटला, फोटो निघाला.

आता मोर्चा का नेला ते सांगतो.

आमच्या कारखान्यात ऊसतोडणीचा क्रम पूर्वी कागदावर ठरायचा. कुणाचा ऊस आधी तुटणार, हे शेतकी खात्यातला माणूस ठरवायचा आणि त्या माणसाला कोण जेवायला घालतं त्यावर क्रम ठरायचा. आम्ही त्यावर दोन वर्षं भांडलो. मग अठ्ठ्याहत्तरच्या हंगामात कारखान्यानं जाहीर केलं की आता क्रम मशीन लावणार. मशीनला सोयरा नाही, मशीनला जात नाही, मशीन चहा पीत नाही. मीच सभेत हे वाक्य बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या.

दर पंधरा दिवसांनी यादी लागायची. आमच्या गटातल्या शंभर फडांची नावं, नंबर एक ते शंभर. त्या नंबरानं टोळी येणार, कोयता लागणार. नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाच याद्या लागल्या. पाचही याद्यांत राहीबाईचं नाव नव्हतं.

राहीबाईचा एक एकर ऊस. गावाच्या शिवेला, ओढ्याच्या अंगाला. नवरा घरजावई म्हणून आलेला, तो वारून आठ वर्षं झाली. पोरींची लग्नं झालेली. ती आणि तो एकर, दोघंच. फेब्रुवारी उजाडला तेव्हा उसाला तुरे येऊन वाळले होते. बाहेरून उभा, आतून दशी पडून पोकळ झालेला. हंगाम मार्चात आटोपणार. आणखी दोन याद्या, फार तर. त्यात नाव आलं नाही तर ऊस उभ्याउभ्या चिपाड होणार आणि पुढचं वर्ष काय खायचं ते तिनं बघायचं.

आमच्याकडं अशा वेळी एक उपाय करतात. फड पेटवतात. जळका ऊस ठेवता येत नाही, म्हणून कारखाना तो लगेच उचलतो. वजनात कपात होते, पण उचलतो. राहीबाईला तिच्या दिरानं हाच सल्ला दिला. तिनं काडेपेटी आणली आणि कनवटीला लावली. मला म्हणाली, "सोमवारच्या यादीत नाव न्हाई आलं, तर सोमवारीच लावती. ल्येकरागत वाढिवलाय, पर लावती."

मी म्हणालो, "थांब. आधी त्या मशीनला बघतो."

शनिवारी सकाळी सांगलीच्या खोलीसमोर चाळीस माणसं, दोन फलक. एकावर 'यंत्र हटाव', दुसऱ्यावर जागा उरली नाही म्हणून नुसतं 'हटाव'. केरबा दारात आला. अंगात स्वेटर, पायात मोजे. आमच्याकडं त्यानं अशी नजर फिरवली की जणू आम्ही परेडला उशिरा आलोय.

"घोषणा झाल्या का?" त्यानं विचारलं.

"अजून न्हाईत," मागून कुणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग देऊन घ्या. आन् आत सहाच माणसं यायची. चपला काढून. धूळ चालत न्हाई."

मी गरम होऊन म्हणालो, "हवालदार, आम्ही देवळात आलो नाही."

"देवळात धूळ चालती, पुढारी. हितं न्हाई."

मी चप्पल काढली. याचा मला अजून राग आहे.

आत राहीबाई, मी आणि चौघं. थंडीनं सगळ्यांची बोलती निम्मी झाली. कोपऱ्यात कस्तुरी नावाची मुलगी कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रावर बसली होती. आमच्याच भागातल्या जैन शेतकऱ्याची लेक. शेजारी बाळासो, आमच्या गटाचा नोंदीवाला, कार्डांचा गठ्ठा रुमालात बांधून बसलेला. मला बघून त्यानं रुमालाची गाठ घट्ट केली.

मी विचारलं, "हे मशीन राहीबाईच्या एकराशी दावा का धरतंय?"

केरबा म्हणाला, "मशीन दावा धरत न्हाई. मशीन हुकूम पाळतं. बसा, दावतो."

त्यानं एक कार्ड काढलं. पोस्टकार्डाहून लांब, त्यावर ऐंशी रकाने. प्रत्येक रकान्यात एका अक्षराचं किंवा आकड्याचं भोक. एक कार्ड म्हणजे एक फड. नाव, गट, क्षेत्र, लावणीची तारीख. आणि अगदी शेवटी, ऐंशीवा रकाना निकडीचा. साध्या उसाला शून्य, जळक्याला नऊ. पुण्याच्या मशीनला तीन हुकूम दिलेले. पहिला, निकडीचा आकडा मोठा तो आधी. दुसरा, निकड सारखी असेल तर आधी लावलेला आधी. तिसरा, तारीखही सारखी असेल तर गठ्ठ्यात जो वर असेल तो आधी.

"यात वाईट काय हाय?" केरबानं विचारलं.

मला काही वाईट दिसेना. मग मी म्हणालो, "तिचं कार्ड दाखवा."

कार्ड निघालं. गठ्ठ्याच्या अगदी तळातून. लावणीची तारीख सत्त्याहत्तर सालच्या नागपंचमीची. त्याच्या वरचं कार्ड बघितलं. पंचमीची. त्याच्या वरचं. पंचमीची. मी वीस कार्डं उलटली.

कस्तुरी मान न वळवता म्हणाली, "बघू नका सगळी. समदी पंचमीचीच हाईत. मला तारीख टाइप करावीच लागत न्हाई. मागच्या कार्डावरची उतरवून घ्यायची एक कळ हाय, ती दाबती."

"आवं बाळासो," मी म्हणालो, "अख्ख्या गटानं एकाच दिवशी ऊस लावला?"

बाळासो म्हणाला, "मी काय करू? दारात जाऊन इचारलं, कवा लावला? सगळी म्हंत्यात, पंचमीच्या टायमाला. लिवली पंचमी. खाली सह्या हाईत. अंगठं हाईत."

तेव्हा राहीबाई पहिल्यांदा बोलली. थंडीनं पदर गळ्याभोवती गुंडाळून ती जमिनीवर बसली होती.

"आरं मुडद्या, पंचमीला कोण जमिनीला फाळ लावतंय का? आमी त्या दिशी भाजी चिरत न्हाई, तवा ठेवत न्हाई चुलीवर. आन् अख्ख्या गटानं सऱ्या पाडल्या?"

आत आलेल्या आम्हा सहा माणसांत एकही असा नव्हता ज्यानं पंचमीला कधी कुदळ हातात घेतली असेल. आणि एकही असा नव्हता ज्याच्या नोंदीवर पंचमी नव्हती. माझ्या भावाच्या नोंदीवरही होती. सही माझी होती.

"तू कवा लावलास, आक्का?" केरबानं विचारलं.

"बेंदराच्या दुसऱ्या दिशी. बैलाच्या शिंगाचा रंग वला व्हता, माज्या लुगड्याला लागला, अजून हाय. त्या साली श्रावण अधिक आला. म्हंजी पंचमीच्या आदी दीड म्हैना."

म्हणजे खरी तारीख लिहिली असती तर राहीबाईचा ऊस पहिल्याच यादीत तुटला असता. आता तारखा सगळ्यांच्या सारख्या, निकड सगळ्यांची शून्य. उरला तिसरा हुकूम. गठ्ठ्यात जो वर तो आधी. मी विचारलं, "गठ्ठा कोण लावतं?"

बाळासोनं रुमालाकडं बघितलं. "मी. रीतीनं लावतो."

"कुठल्या रीतीनं?"

"बेंदराला बैलं कशी निघत्यात? मानानं. पाटलाचा पैला, मग थोरल्या घराचा, मग धाकल्या. तसंच लावतो. त्यात माजं काय न्हाई, ती रीतच हाय."

घरजावयाच्या बैलाचा मान शेवटी. घरजावई मेला, बैल विकला, मान कार्डावर येऊन बसला. आणि सोयरा नसलेलं, जात नसलेलं, चहा न पिणारं मशीन पुण्यात बसून दर पंधरा दिवसांनी इमानेइतबारे बेंदराची मिरवणूक काढत होतं.

तुम्ही म्हणाल, शेवटचा झाला म्हणून काय, कधीतरी नंबर येईलच की. हिशेब करा. हंगामाच्या सुरुवातीला गटात पाचशे चाळीस कार्डं होती. पाच याद्यांत पाचशे फड तुटले. राहिले किती? चाळीस. मी पण चाळीसच म्हणालो होतो. राहिले होते दोनशे अकरा. कारण मधल्या काळात एकशे एकाहत्तर जणांना आपल्या उसाची नव्यानं आठवण झाली. कुणाचा पाहुणा, कुणाचा व्याही. तारीख विचारली तर पंचमी. कार्ड मानाप्रमाणं मध्ये घुसलं, आणि राहीबाई होती तिथंच. तळाला.

मी उठलो. बाळासोच्या रुमालाकडं हात नेला. केरबानं माझं मनगट धरलं. जोर केला नाही, नुसतं धरलं.

"गठ्ठा उलटा करून काय हुईल? आज तळाची वर जातील, मग वरची तळाला सडतील. त्यांच्यातला कोण मग काडेपेटी घिऊन यील."

"मग तिची तारीख बदला!"

"रजिस्टरात पंचमी हाय. खाली तिचा अंगठा हाय. मी खोटं कार्ड पाडत न्हाई."

"मग काय करणार तुम्ही? स्वेटर घालून बसणार?"

त्यानं याचा राग मानला नाही. छापायच्या यंत्राकडं बोट केलं. "हे बघा. पुण्याच्या मशीनकडं सातारा काम धाडतं, सांगली धाडती, आणिक चार गावं धाडत्यात. मशीनला एका टायमाला सगळी करता येत न्हाईत. मग ते रांग लावतं. कामाच्या पैल्या कार्डावर अक्षर असतं, तातडीचं काम, साधं काम. तातडीचं आधी. आता साताऱ्यानं तातडीवर तातडी धाडत ऱ्हायलं, तर माज्या साध्या कामाचं काय हुईल?"

"पडून राहील."

"न्हाई ऱ्हात. तासभर पडलं की मशीन त्याला आपोआप एक पायरी वर चढवतं. आणिक तास, आणिक एक पायरी. कुणी हाक मारावी लागत न्हाई, कुणाचं पाय धरावं लागत न्हाईत. थांबलेल्याला थांबल्याचा मान देतं. आपल्या पोटातल्या कामाला ते हा न्याय लावतं. आपल्या यादीला ह्यो हुकूम कुणी दिलाच न्हाई."

मग त्यानं मेंढरांची गोष्ट सांगितली. त्याच्या माण तालुक्यात दुष्काळाच्या साली दगडी डोणीतलं पाणी सगळ्या कळपाला पुरायचं नाही. दांडगी मेंढरं आधी घुसायची, लंगडी, गाभण, मागं राहायची. त्याचा बाप पाणी संपलं की गेरू घेऊन फिरायचा. जे मेंढरू प्यायलं नाही त्याच्या पाठीवर एक ठिपका. दुसऱ्या दिवशी ठिपकेवाली आधी. दोनदा राहिलेलं, दोन ठिपके, ते त्याच्याही आधी. "माजा बाप शाळंत गेला न्हवता. पर त्याचं मेंढरू तहानेनं कवा मेलं न्हाई. गेरू जास्त लागायचा, एवढंच."

तो उठला, हातानं भोक पाडायचं छोटं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ऐंशीवा रकाना. शून्य साध्याला, नऊ जळक्याला. मधले आठ आकडे कोण वापरत न्हाई. जे कार्ड जितक्या याद्यांत ऱ्हायलं, तितका आकडा. पाचदा ऱ्हायलं, पाच. मशीनचा पैला हुकूमच हाय, निकड मोठी ती आधी. पुण्याला काय बदलावं लागत न्हाई."

मला घाई झाली. मी म्हणालो, "मग पाडा की! राहीबाईच्या कार्डावर पाच पाडा आणि द्या पाठवून."

"फकस्त तिच्या?"

"तिचाच ऊस पेटणार आहे."

"तिच्यासंगं पाचदा ऱ्हायलेली आणिक ब्याऐंशी हाईत. ती मोर्चाला आली न्हाईत म्हणून?" त्यानं बाळासोकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "मग ह्येच्या रुमालात आन् तुमच्या फलकात फरक काय, पुढारी?"

मी प्यायला पाणी मागितलं.

दोनशे अकरा कार्डं. कस्तुरीनं मागच्या पाच याद्या आणि कुठलं कार्ड कधी आलं त्याची वही काढली आणि नावं वाचायला सुरुवात केली. केरबा भोक पाडायचा. एकदा राहिलेल्याला एक, दोनदा राहिलेल्याला दोन, नव्या आलेल्याला शून्यच. बाळासोच्या मेहुण्याचं कार्ड आलं, नवं होतं. शून्य. माझ्या भावाचं आलं. दोनदा राहिलेलं होतं, दोन. मी खिडकीबाहेर बघितलं. गठ्ठा बाळासोनं लावला होता तसाच राहिला. एकही कार्ड जागचं हललं नाही.

दुपारी सोमवारच्या यादीचं काम पुण्याला गेलं. लगेच काही छापून येईना. छापायच्या यंत्रावर एक ओळ आली. केरबानं वाचून सांगितलं, "साताऱ्याची ट्रकांची यादी यायची हाय. ती झाल्याबिगर आपलं काम उचलत न्हाई. गाड्या ठावं न्हाईत तर टोळ्या कशा वाटणार?"

"साताऱ्याला फोन लावा."

"कशाला? मशीनला ठावं हाय. ती आली की आपलं आपण उचलंल."

पाऊण तासानं ट्रकांची यादी झाली. पण पुढं कुणाचं तरी तातडीचं पगारपत्रक उभं. आम्ही बसलो. बाहेरच्या मोर्चातली निम्मी माणसं भेळ खायला गेली. राहीबाई बसल्या जागी गुडघ्यात डोकं घालून, एक हात कनवटीवर. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा पुण्यातल्या एखाद्या वस्तूनं आपला शब्द पाळावा अशी इच्छा करत होतो.

तासावर दोन मिनिटं झाली तेव्हा पुन्हा एक ओळ आली. केरबा म्हणाला, "पायरी चढलं." आणि थोड्या वेळात खडखडाट सुरू झाला. कागद एका लयीत वर येऊ लागला.

राहीबाईला वाचता येत नाही. ती कागदाकडं न बघता केरबाच्या तोंडाकडं बघत होती. केरबा एकेक नाव बोटानं उतरत गेला. दहा. तीस. साठ. मला वाटलं आता गेलं.

"त्र्याऐंशी," तो म्हणाला.

पाचदा राहिलेल्या त्र्याऐंशी माणसांत राहीबाई शेवटी. तारखा सारख्या, निकड सारखी, म्हणून त्यांच्यात पुन्हा मानाचाच क्रम लागला होता. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात राहीबाईनं विचारलं, "टोळी कितव्या नंबरापत्तूर येती?"

"शंभरापत्तूर."

"मग बास की." ती उठली. काडेपेटी हातात घेऊन तिनं एकदा बघितली. "ऱ्हाऊ दे. चुलीला लागंल."

तिचा ऊस फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुटला. वजन थोडं कमी भरलं. जळका नव्हता.

पुढचं थोडक्यात. ज्यांना उशिरा आठवण झाली होती, त्यांना आता उशिरा तोडही मिळाली. त्यांतले काही चांगल्या घरचे होते. चौकशी बसली. केरबाला विचारलं, ऐंशीव्या रकान्यात भोक पाडायची परवानगी कुणाची? तो म्हणाला, सिग्नल्समध्ये पडून राहिलेल्या निरोपाची जबाबदारी ऑपरेटरची असते. चौकशी करणाऱ्यांपैकी कुणी फौजेत नव्हतं, त्यामुळं हे उत्तर असमाधानकारक ठरलं. केरबाची बदली साताऱ्याला झाली. बाळासो आहे तिथंच आहे. फलक माझ्या माळ्यावर आहेत, 'हटाव' लिहिलेला अजून चांगला आहे.

मे महिन्यात कारखान्याचं एक परिपत्रक आलं. यापुढं यादीत राहिलेल्या फडास प्रत्येक वेळी निकडीचा एक अंक वाढवून द्यावा. खाली तीन सह्या. केरबाची नाही.

मी मुद्दाम साताऱ्याला जाऊन त्याला परिपत्रक दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली, परत दिलं. तिथली खोलीही थंड, तोच स्वेटर. मला वाटलं काहीतरी बोलेल.

"भोक पाडून अर्धंच काम झालं," तो म्हणाला. "खरी तारीख आली असती तर भोक पाडावंच लागलं नसतं. तुमी लोकांनी मशीनला एकच दिवस सांगितला. त्यानं मग तुमचीच रीत तुमाला परत दिली."

मी म्हणालो, "हवालदार, एवढं तरी कबूल करा की मोर्चानं काम झालं."

"झालं की," तो म्हणाला. "चपला मात्र तुमी उलट्या घालून गेला व्हता त्या दिशी."

आता एकोणऐंशीचा आषाढ आहे. बेंदूर झाला, पंचमी तोंडावर आली आहे, सऱ्या पाडून झाल्यात. नोंदीवाला कधीही तुमच्या दारात येईल, ओट्यावर बसेल, पेन झटकेल आणि विचारेल, ऊस कवा लावला?

त्याला सण सांगू नका. आज घरी जा, भिंतीवरचं कॅलेंडर काढा, ज्या दिवशी बेणं मातीत गेलं त्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल करा, आणि तो आला की कॅलेंडरच त्याच्यापुढं धरा. त्यानं तीच तारीख लिहिली का, ते डोळ्यांनी बघा. मगच सही करा.